टार्गा फ्लोरिओ: घराण्याचं साम्राज्य गेलं, पण धाकट्या मुलाने डोंगरात सुरू केलेली शर्यत राहिली

पोर्शे ९११ टार्गा. या गाडीचं एखादं रील तुमच्या फीडवर येऊन गेलं असेल. १९६५ मध्ये ही गाडी लोकांसमोर आली तेव्हा पोर्शेने तिचं नाव सिसिलीतल्या एका शर्यतीवरून घेतलं. इटालियन भाषेत टार्गा म्हणजे पाटी, इथे विजेत्याला मिळणारी मानाची पाटी. शर्यतीचं पूर्ण नाव टार्गा फ्लोरिओ, म्हणजे फ्लोरिओने ठेवलेली पाटी.

आता प्रश्न असा, की हा फ्लोरिओ कोण?

मसाल्याच्या दुकानातून उभं राहिलेलं घराणं

विन्चेन्झो फ्लोरिओचा जन्म १८८३ चा, सिसिलीची राजधानी पालेर्मोमधला. कॅलाब्रियातून आलेल्या त्याच्या पूर्वजांनी पालेर्मोत मसाले आणि औषधी द्रव्यांचं दुकान टाकलं होतं. पुढच्या पिढ्यांनी त्यातून जहाजं, मार्साला वाईन आणि टूना मासळी असा पसारा उभा केला. फाविन्याना बेटावरची टूनाची मासेमारीही त्यांच्याकडेच होती.

विन्चेन्झो आठ वर्षांचा असताना वडील गेले. कारभार मोठा भाऊ इग्नाझिओकडे आला आणि धाकट्याच्या वाट्याला आला पैसा आणि मोकळा वेळ. त्याला वेड लागलं ते मोटारींचं. त्या काळी मोटार हे श्रीमंतांचं खेळणं होतं. तो गाड्या घ्यायचा आणि शर्यतीत स्वतः चालवायचा. १९०५ मध्ये उत्तर इटलीत ब्रेशियाला झालेल्या शर्यतीसाठी त्याने आपल्या नावाचा कप ठेवला.

पण आपल्या सिसिलीत असं काही का होऊ नये, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

गावांमधून जाणारी शर्यत

सिसिली तेव्हा इटलीचा गरीब, मागे पडलेला भाग होता. डोंगरातले रस्ते कच्चे, धुळीचे. विन्चेन्झोने तेच रस्ते निवडले. चेर्दाजवळून निघायचं, मादोनिये डोंगरात चढायचं, पेत्रालिया, कास्तेलबुओनो, कोलेसानो अशी गावं पार करून पुन्हा समुद्राकडे उतरायचं. एक फेरी जवळपास १४८ किलोमीटरची. साधारण मुंबई ते पुणे एवढं अंतर, तेही डोंगरी वळणांचं, आणि अशा तीन फेऱ्या.

६ मे १९०६ रोजी पहिली शर्यत झाली. फक्त १० गाड्या धावल्या. इटाला गाडी घेऊन उतरलेला अलेस्सांद्रो काग्नो साडेनऊ तासांनी पहिला आला. त्याचा सरासरी वेग होता ताशी सुमारे ४७ किलोमीटर. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या रस्त्यांवर, त्या टायरांवर गाडी शेवटपर्यंत धड पोचवणं हीच मोठी गोष्ट होती.

इथे सगळ्या गाड्या एकदम सुटत नसत. ठरावीक अंतराने एकेक गाडी निघायची आणि निकाल घड्याळावर लागायचा. त्यामुळे समोर कुणी दिसत नसलं तरी आपण पुढे आहोत की मागे, हे चालकाला कळायचं नाही.

डिसेंबर १९०८ मध्ये मेस्सिनाच्या भूकंपाने सिसिलीत हजारो माणसं गेली. तरी १९०९ ची शर्यत झाली. छोटी, एकाच फेरीची. त्यात विन्चेन्झो स्वतः उतरला आणि दुसरा आला. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, त्याची पत्नी आन्निना कॉलऱ्याने गेली. लग्नाला फार काळही झाला नव्हता. शर्यत मात्र त्याने थांबवली नाही.

धंदे गेले, शर्यत वाढली

पहिल्या महायुद्धाच्या काळात शर्यत बंद पडली आणि १९१९ मध्ये १०८ किलोमीटरच्या लहान वळशावर पुन्हा सुरू झाली. त्यात एन्झो फेरारी नावाचा एक तरुण चालक होता. पुढच्या वर्षी तो दुसरा आला. स्वतःच्या नावाची कंपनी त्याने फार नंतर काढली. १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं बुगाटी जिंकली. १९२८ मध्ये एलिश्का युन्कोवा या चेक महिलेने दिग्गज पुरुष चालकांना मागे टाकून मध्येच आघाडी घेतली होती. शेवटी ती पाचवी आली.

पण याच वर्षांत फ्लोरिओंचं घर आतून पोखरत होतं. कर्ज वाढलं, जहाजं हातची गेली. १९२४ मध्ये मार्सालाचा धंदा चिन्झानोकडे गेला. पुढे टूनाही गेला. याचं खापर सगळं शर्यतीवर फोडता येणार नाही, कारण बुडाले ते मोठे धंदे. पण घरात पैसा आटत असताना विन्चेन्झो डोंगरातल्या रस्त्यांमागे धावत होता, हेही तितकंच खरं.

१९३२ पासून वळसा ७२ किलोमीटरचा झाला. १९३७ ते १९४० शर्यत डोंगर सोडून पालेर्मोच्या ला फावोरिता बागेत भरली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं.

युद्धानंतर घराण्याचं वैभव उरलं नव्हतं, विन्चेन्झो साठीच्या पुढे गेला होता. तरी शर्यत पुन्हा उभी राहिली. १९५५ मध्ये ती स्पोर्ट्सकारच्या जागतिक स्पर्धेत आली आणि त्या वर्षीची शेवटची फेरी ठरली. स्टर्लिंग मॉस आणि पीटर कॉलिन्स यांनी ती जिंकली आणि मर्सिडीजला जगज्जेतेपद मिळालं. जगातल्या एका बड्या कंपनीच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल सिसिलीच्या गावरस्त्यांवर लागला.

जानेवारी १९५९ मध्ये फ्रान्समधल्या एपर्ने इथे विन्चेन्झो गेला.

आज काय उरलं?

गाड्यांचा वेग वाढत गेला, रस्ते तेच राहिले. घरांच्या दारातून ताशी दोनशेच्या वेगाने गाड्या जाऊ लागल्या. १९७३ नंतर शर्यत जागतिक स्पर्धेतून बाहेर पडली. १९७७ मध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसली, माणसं मेली आणि त्या रूपातली शर्यत कायमची थांबली. तोवर पोर्शेने ती ११ वेळा जिंकली होती, इतर कुठल्याही कंपनीपेक्षा जास्त. गाडीला ते नाव मिळालं ते याच नात्यातून.

आता त्या नावाने रॅली होते. चेर्दाजवळच्या रस्त्याकडेला शर्यतीच्या जुन्या गॅलऱ्या अजून उभ्या आहेत. त्या जागेला फ्लोरिओपोली म्हणतात, म्हणजे फ्लोरिओचं शहर. घराण्यात ज्याच्याकडे धंद्याची सूत्रं नव्हती, त्याच धाकट्या मुलामुळे हे नाव आज जगभरात गाड्यांवर फिरतंय.