ढगांच्या वरही वीज चमकते, हे ६४ वर्षं आधी सांगणारा मेंढपाळाचा मुलगा

मे-जूनमधली संध्याकाळ. माजलगाव धरणाच्या बाजूनं काळेकुट्ट ढग चढून येतात आणि शेतातला माणूस जनावरं सोडायला पळतो. मराठवाड्यात पावसाच्या तोंडावर वीज पडून माणसं आणि जनावरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

पण ही वीज फक्त खालीच येते का? ढगाच्या वर काय होतं?

याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स थॉमसन रीस विल्सन. जन्म १८६९ चा, स्कॉटलंडमधला. वडील मेंढ्या पाळायचे. मुलगा चार वर्षांचा असताना ते गेले. पुढं विल्सन शिकत शिकत केंब्रिजला पोचले.

१८९४ मध्ये बेन नेव्हिस या डोंगरावरच्या वेधशाळेत त्यांनी दोन आठवडे काम केलं. हा ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर, पण उंची १३४५ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा!

पुढच्या वर्षी जूनमध्ये ते शेजारच्याच शिखरावर उभे असताना अचानक डोक्यावरचे केस ताठ झाले. वर ढगात वीज साठली होती. विल्सन जीव मुठीत धरून उतारावरून खाली धावले. थोड्याच वेळात वीज कडाडली. त्या दिवसापासून विजेनं त्यांचा पिच्छा सोडला नाही.

ढगांच्याच नादातून त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम ढग बनवणारं यंत्र तयार केलं. त्यात अणूंच्या कणांची वाट डोळ्यांना दिसायची. १९२७ चं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी.

विजेबद्दलचा त्यांचा मोठा विचार मात्र १९२५ चा.

हवा सहसा वीज वाहू देत नाही. मोकळा इलेक्ट्रॉन धावायला लागला की लगेच हवेच्या रेणूवर आपटतो. जमिनीलगतच्या हवेतून ठिणगी पाडायची तर दर सेंटीमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. पण उंचावर हवा विरळ होते. साडेसहा किलोमीटरच्या आसपास ती निम्मीच उरते. इलेक्ट्रॉनला धावायला मोकळं रान मिळतं आणि कमी जोरातही विजेची वाट खुली होते.

विल्सन यांनी इथंच गणित मांडलं. ढगापासून दूर जाताना विजेचा जोर कमी होतो, पण हवा त्याहून झपाट्यानं विरळ होते. ३५ किलोमीटरवरून ७० वर गेलात, तर जोर साधारण आठपट घटतो. हवा मात्र जवळपास शंभरपट विरळ होते. म्हणजे मोठी वीज पडली की ढगाच्या खूप वर, आकाशाच्या माथ्यावरही ठिणगी पडायला हवी!

पुरावा नव्हता. तरी विल्सन थांबले नाहीत. वयाच्या ८७ व्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी गडगडाटी ढगांवरचा शेवटचा निबंध छापला. १९५९ मध्ये ते गेले.

आणि जुलै १९८९ मधल्या एका रात्री अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि सहकारी अंधारात चालणारा कॅमेरा तपासत होते. दूरच्या वादळावर उजेडाचे दोन खांब अपघातानं टिपले गेले. आज त्यांना स्प्राइट म्हणतात. ते ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतेच दिसतात. खालच्या दाट हवेत वीज बारीक, पांढरी आणि प्रचंड तापलेली असते. वरच्या विरळ हवेत ती पसरट, थंड आणि लालसर होते.

आज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास पडणाऱ्या विजेचा इशारा मोबाईलवर देतं. पण रानात रेंज नसेल, तर विल्सन यांच्या डोक्यावरचे केस आठवा. अंगावर केस उभे राहिले, तर वीज अगदी जवळ आहे. झाड सोडा, उंचवटा सोडा आणि तडक पक्क्या घराकडे पळा. ढग दिसताच निघालात तर त्याहून चांगलं.