सुनील जाना

सुनील जाना (१७ एप्रिल, १९१८:दिब्रुगढ, आसाम – २१ जून, २०१२:बर्कली, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे भारतीय छायाचित्रकार होते. १९४३च्या बंगालमधील दुष्काळाची त्यांनी टिपलेली छायाचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. शेतकरी, कामगार, आदिवासी आणि निर्वासित यांचे जीवन कॅमेऱ्यातून नोंदवणाऱ्या भारतातील आद्य छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. १९४०च्या दशकातील त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा भाग मुंबईत गेला.

पूर्वायुष्य

जाना यांचा जन्म आसाममध्ये झाला, तरी त्यांचे बालपण आणि शिक्षण कोलकात्यात झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालय येथे ते शिकले. इंग्रजी साहित्य हा त्यांचा विषय होता. छायाचित्रण हा त्या काळात त्यांचा केवळ छंद होता. विद्यार्थिदशेतच ते डाव्या विचारांच्या विद्यार्थी चळवळीत सामील झाले.

बंगालचा दुष्काळ

१९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. या दुष्काळात पंधरा लाख लोक मरण पावले असा अंदाज सरकारी चौकशी आयोगाने १९४५ साली दिला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी हा आकडा तीस लाखांच्या घरात असल्याचे मानले. जपानने ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथून येणारा तांदूळ बंद झाला होता. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरील होड्या आणि धान्यसाठे ताब्यात घेतले होते. साठेबाजी आणि भाववाढ यांमुळे भूमिहीन मजूर, कोळी व कारागीर यांना तांदूळ विकत घेणे अशक्य झाले. युद्धकाळातील निर्बंधांमुळे या परिस्थितीची पुरेशी माहिती देशाच्या इतर भागांत पोहोचत नव्हती.

भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी दुष्काळग्रस्त भागाच्या दौऱ्यावर जाना यांना सोबत नेले. चित्रकार चित्तप्रसाद यांनीही याच काळात दुष्काळग्रस्त भागात हिंडून रेखाटने केली. जोशी यांचे वृत्तान्त आणि जाना यांची छायाचित्रे पक्षाच्या पीपल्स वॉर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. भुकेने खंगलेली मुले, अन्नछत्रापुढील रांगा आणि बेवारस पडलेले मृतदेह यांची ही छायाचित्रे होती. त्यांची पोस्टकार्डे छापून दुष्काळनिवारणासाठी निधीही उभारण्यात आला.

मरणासन्न माणसांसमोर मदतीचा हात पुढे करण्याऐवजी कॅमेरा धरावा लागतो, याची बोच जाना यांना होती आणि पुढील आयुष्यात त्यांनी ती मोकळेपणाने मांडली. मात्र जे घडत आहे ते इतरांना दिसल्याशिवाय मदत येणार नाही, या विचाराने त्यांनी हे काम चालू ठेवले. त्यांच्या छायाचित्रांमागे राजकीय पेचही होता. सोव्हिएत संघावरील जर्मन आक्रमणानंतर कम्युनिस्ट पक्षाने या युद्धाला लोकयुद्ध मानून ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला होता. त्यामुळे पक्षाच्या प्रचारात साठेबाजांविरुद्ध आणि ऐक्यासाठी आवाहन अधिक असे. छायाचित्रांतून मात्र राज्यव्यवस्थेचे अपयश थेट समोर येत होते.

मुंबईतील कारकीर्द

दुष्काळाच्या दौऱ्यानंतर जाना पक्षाचे पूर्णवेळ छायाचित्रकार झाले आणि मुंबईत राहू लागले. पक्षाचे मध्यवर्ती कार्यालय त्या वेळी सँडहर्स्ट रोडवर, खेतवाडीतील राजभवन या इमारतीत होते. तेथे कार्यकर्ते सामुदायिक पद्धतीने एकत्र राहत. या वस्तीच्या एका बाजूला गिरगाव होते. पूर्वेला डोंगरी व माझगाव येथील गोदी कामगारांचा आणि उत्तरेला लालबाग-परळचा गिरणी कामगारांचा परिसर होता.

या काळातील मुंबईत कला आणि कामगार चळवळ यांचा निकटचा संबंध होता. मे १९४३ मध्ये याच शहरात भारतीय जननाट्य संघाची (इप्टा) स्थापना झाली. पक्षाचे मराठी मुखपत्र लोकयुद्ध या नावाने निघत असे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द.ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक कामगार वस्त्यांत कार्यक्रम करत असे. बंगालच्या दुष्काळावर अण्णा भाऊंनी पोवाडाही रचला. वाचता न येणाऱ्या कामगारांपर्यंत दूरच्या प्रांतातील दुःख पोहोचवण्याचे जे काम पोवाड्याने केले, तेच काम जाना यांच्या छायाचित्रांनी केले.

मुंबई हे केंद्र ठेवून जाना यांनी देशभर प्रवास केला. किसान सभांची अधिवेशने, तेलंगणातील शेतकरी चळवळ, मलबारमधील श्रमजीवी आणि फाळणीच्या काळातील निर्वासित हे त्यांच्या छायाचित्रांचे विषय होते. महात्मा गांधी, जवाहरलाल नेहरू, मोहम्मद अली जिना आणि शेख अब्दुल्ला यांचीही छायाचित्रे त्यांनी काढली. भारतात आलेल्या अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्यासोबतही त्यांनी प्रवास केला.

पक्षापासून दुरावा व नंतरचे कार्य

१९४८ साली पक्षाच्या दुसऱ्या अधिवेशनात पूरणचंद जोशी यांच्या जागी बी.टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षाचे धोरण बदलले. जोशी यांचे निकटवर्ती असलेले जाना या काळात पक्षापासून दूर झाले. कोलकात्याला परतून त्यांनी व्यावसायिक छायाचित्रणास सुरुवात केली. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी स्थापन केलेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीशीही ते संबंधित होते.

पुढील काळात त्यांनी पोलाद कारखाने, खाणी आणि दामोदर खोऱ्यातील प्रकल्प यांची छायाचित्रे काढली. शास्त्रीय नृत्य व मंदिरशिल्पे हेही त्यांचे आवडीचे विषय होते. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांच्यासोबत त्यांनी आदिवासी भागांत प्रवास केला. आदिवासींच्या छायाचित्रांत त्यांनी स्त्री-पुरुषांना केवळ अभ्यासाचा नमुना न मानता स्वतंत्र व्यक्ती म्हणून टिपले. या छायाचित्रांतील देहसौंदर्यावरचा भर मात्र चर्चेचा विषय ठरला आहे.

उत्तरायुष्य व मृत्यू

जाना काही वर्षे लंडन येथे राहिले आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी क्षीण झाली होती. त्यांची छायाचित्रे अनेक ठिकाणी श्रेय न देता वापरली गेली, याविषयी त्यांनी वेळोवेळी नाराजी व्यक्त केली. पत्नीच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, वयाच्या ९४व्या वर्षी बर्कली येथे त्यांचे निधन झाले.

पुरस्कार व वारसा

भारत सरकारने जाना यांना १९७०च्या दशकात पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण पुरस्कार देऊन गौरवले. १९९८ साली न्यू यॉर्क येथे राम रहमान यांनी त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. त्यामुळे त्यांच्या कार्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले. बंगालच्या दुष्काळाविषयीच्या पुस्तकांत आणि प्रदर्शनांत आजही त्यांची छायाचित्रे वापरली जातात.

प्रकाशित पुस्तके

द सेकंड क्रीचर (१९४९) – मुखपृष्ठ सत्यजित राय यांचे
द ट्रायबल्स ऑफ इंडिया (१९९३)
फोटोग्राफिंग इंडिया (२०१३, मरणोत्तर)