चांदण्या दिवसा का दिसत नाहीत?

नाईलला पूर किती येतो यावर इजिप्तची भाकरी ठरायची. पाणी कमी आले तर दुष्काळ, जास्त आले तर नासाडी. या नदीला आवर घालता येईल, असे बसऱ्याचा एक गणिती बोलून गेला आणि ते बोल कैरोच्या फातिमी खलिफाच्या कानावर गेले. गणिती म्हणजे अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम, जन्म सुमारे इ.स. ९६५. खलिफा म्हणजे अल-हाकिम, विद्येचा चाहता आणि तितकाच लहरी. त्याने इब्न अल-हैसम यांना कैरोला बोलावून घेतले आणि माणसे देऊन नदीकडे पाठवले.

ते अस्वानच्या पुढेपर्यंत गेले. वाटेत प्राचीन इजिप्तची अजस्र बांधकामे दिसली. ज्यांना एवढे दगड असे नेमके बसवता आले, त्यांना नदी अडवणे शक्य असते तर त्यांनी ती कधीच अडवली असती, हे त्यांनी ओळखले. (अस्वानचे मोठे धरण पुरे व्हायला १९७० साल उजाडले.) परत येऊन त्यांनी हात टेकले. खलिफाने नोकरी दिली, पण त्या दरबारात आज मर्जी तर उद्या मान उडालेली. तेव्हा त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये अल-हाकिमची कारकीर्द संपेपर्यंत ते सोडले नाही, असे दोन शतकांनंतरचे चरित्रकार अल-किफ्ती सांगतात. कोंडलेल्या खोलीत एक कवडसा पाहून त्यांना प्रकाशाचे रहस्य उमगले, ही पुढे जोडलेली गोष्ट मात्र मला पटत नाही. त्यांच्या ग्रंथात चमत्कार नाही, चिकाटी आहे.

पुढे ते अल-अझहर मशिदीजवळ राहिले. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करायच्या, त्याचे वर्षाला दीडशे दिनार मिळायचे, त्यात भागवायचे. याच माणसाने ‘किताब अल-मनाझिर’ हा दृष्टीवरचा सात भागांचा ग्रंथ लिहिला.

डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. ज्यांच्या नकला करून पोट भरायचे, त्यांच्याशीच इब्न अल-हैसम यांचा वाद होता. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो, नजर वळवली तरी ठिपका डोळ्यांपुढे तरळत राहतो. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येते आहे. त्यांनी ओळीने दिवे लावले, समोर लहान भोक ठेवले आणि अंधाऱ्या जागी प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका उमटलेला पाहिला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा.

पण प्रकाश आत येतो, एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता. तारे दिवसाही आकाशात असतातच, त्यांचा उजेडही आपल्यापर्यंत येतो, मग दिसत का नाहीत? एकच रंग पांढऱ्या पृष्ठभागावर काळपट वाटतो आणि काळ्यावर उजळ, हे कसे? डोळ्यात किती उजेड पडला एवढ्यावर वस्तूचे उजळपण ठरत नाही, शेजारी काय आहे तेही लागते, हे त्यांनी या उदाहरणांतून दाखवले. ईदचा चंद्र शोधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. सूर्य बुडाल्याबरोबर सगळे गच्चीवर, पण कोर सापडत नाही. थोड्या वेळाने आभाळ मावळते आणि तीच कोर नजरेला सापडते. तिचा उजेड वाढलेला नसतो, मागचे आभाळ काळवंडलेले असते.

इब्न अल-हैसम आणखी एक पाऊल पुढे गेले. पाहणे म्हणजे नुसती संवेदना नव्हे. आपण पाहिलेल्याची तुलना करतो, पूर्वीच्या ओळखीशी ताडतो, निवाडा करतो, आणि हे सगळे इतक्या झटपट होते की निवाडा झाल्याचे आपल्याला कळतही नाही.

हा धागा थेट आपल्या काळापर्यंत येतो. सावलीतला पांढरा कागद आणि उन्हातला करडा कागद यांच्याकडून डोळ्यात अगदी सारखाच उजेड येऊ शकतो. मग पांढरा कोणता हे कसे ठरवायचे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डेव्हिड कॉर्नी आणि ब्यू लोट्टो यांनी हा पेच संगणकातल्या कृत्रिम न्यूरल नेटवर्कपुढे टाकला. त्यांचे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. असे नेटवर्क म्हणजे एकमेकांना जोडलेल्या छोट्या गणकांचे जाळे. उत्तर चुकले की जोडण्यांचा जोर थोडा बदलायचा, असे करत ते शिकते. पडलेल्या पानांसारखे करड्या छटांचे पृष्ठभाग आणि त्यावर कमीजास्त उजेड अशी बनवलेली दृश्ये त्याला दाखवली. पृष्ठभाग मुळात किती उजळ आहे, ते त्याने सांगायचे. ते शिकले, उत्तम शिकले. आणि मग एकच करडा रंग गडद आणि फिकट पार्श्वभूमीवर ठेवला, तर ते माणसासारखेच फसले! हे फसणे त्याला कुणी शिकवले नव्हते. आणखी एक भ्रम तर सपाट दृश्यांवर शिकलेल्या नेटवर्कमध्ये आलाच नाही, दृश्यांना खोली दिल्यावरच आला. ज्या जगात वावरून शिकलो, त्या जगाने लावलेली सवयच भ्रम होऊन दिसते, असा याचा अर्थ लागतो.

मेंदू असेच काम करतो हे यातून सिद्ध होत नाही. आणि इब्न अल-हैसम यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे जनक ठरवण्याची घाई कुणी करू नये. टॉलेमीच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला असला आयता मान रुचला नसता.

सुमारे १०४० मध्ये ते कैरोत वारले. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले, १५७२ मध्ये बाझलला ते छापले गेले. युरोपने त्यांना अल्हाझेन म्हटले. चंद्राच्या पूर्व काठाजवळच्या एका विवराला हेच नाव आहे. ईदनंतर दोन-तीन दिवसांची कोर दुर्बिणीतून पाहिली, तर तिच्या उजळ भागात ते विवर येते.