खराट्याचा नेम : संत गाडगेबाबा

वैराग्यमूर्ती संत गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे नि खराटा, एवढाच त्यांचा संसार. गावात शिरताच आधी रस्ते झाडायचे, मगच भाकर मागायची, रात्री कीर्तन करायचे, हा नेम. १९२३ साली कीर्तनातच पुत्रनिधनाची वार्ता आली. कीर्तन थांबले नाही. लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदीस धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र उघड्यावरच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा निवर्तले. जीर्णोद्धार एकदाच होतो, झाडलोट मात्र रोजची. मंदिराचे अंगण रोज पहाटे झाडले गेले, तरच दात्यांच्या दानाचे चीज होईल.