राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग

जैन संस्कृतीच्या जडणघडणीत आचार्यांच्या तपस्येबरोबरच धर्मनिष्ठ राजांचाही मोलाचा वाटा आहे. अशा राजांमध्ये राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचे स्थान अग्रगण्य होय. इ. स. ८१४ ते ८७८ अशी सुमारे ६४ वर्षे त्यांनी दख्खनवर राज्य केले.

पिता तिसरे गोविंद यांच्या निधनानंतर ते सिंहासनावर आले, तेव्हा ते अवघे चौदा-पंधरा वर्षांचे होते. बालराजा पाहून सामंतांनी बंड केले आणि काही काळ राज्यही हातचे गेले. लाटदेशाचे अधिपती असलेले चुलतबंधू कर्क यांच्या पराक्रमाने इ. स. ८२१ पूर्वीच ते पुन्हा गादीवर आले. सत्तेची क्षणभंगुरता त्यांनी अशी कोवळ्या वयातच अनुभवली.

पुढेही संघर्ष सुटला नाही. वेंगीचे चालुक्य आणि गंगवाडीचे गंग यांच्याशी युद्धे झाली. गंगांशी चाललेले दीर्घ वैर मात्र त्यांनी आपली कन्या गंग राजपुत्र बुतुग यांस देऊन मिटविले. मान्यखेट, म्हणजेच कर्नाटकातील आजचे मळखेड, ही त्यांची वैभवशाली राजधानी होती. इ. स. ८५१ मधील अरब वृत्तांतात जगातील चार थोर राजांत बल्हारा, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट, यांची गणना केलेली आढळते.

परंतु त्यांची खरी कीर्ती विद्या आणि धर्म यांच्या आश्रयात आहे. आदिपुराणकार आचार्य जिनसेन हे त्यांचे गुरू. गुरू वीरसेनांनी वीस हजार श्लोकांपर्यंत आणलेली जयधवला टीका जिनसेनांनी आणखी चाळीस हजार श्लोक रचून इ. स. ८३७ मध्ये पूर्ण केली. गणितसारसंग्रहाचे कर्ते महावीराचार्य आणि व्याकरणकार शाकटायन हेही याच काळातील. शाकटायनांनी आपल्या वृत्तीला अमोघवृत्ती असे राजाचेच नाव दिले. कन्नडमधील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत प्राचीन असलेला कविराजमार्ग याच दरबारात निर्माण झाला. सेनापती बंकेय यांनी कोळनूर येथे उभारलेल्या जिनालयास सम्राटांनी इ. स. ८६० मध्ये ग्रामदान दिले.

इ. स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात त्यांच्या जीवनातील एक विलक्षण प्रसंग नोंदलेला आहे. प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्यांनी आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीस अर्पण केले. ही देवी कोल्हापूरची महालक्ष्मी होय, असे अभ्यासक मानतात. जिनचरणी अढळ निष्ठा असलेल्या राजाने प्रजेच्या श्रद्धास्थानापुढेही मस्तक नमविले, आणि तेही स्वतःसाठी नव्हे, प्रजेसाठी. परधर्माविषयीचा हा आदर अनेकान्ताच्या शिकवणीस साजेसाच आहे.

त्यांनी एकाहून अधिक वेळा राज्यभार सोडून चिंतनात काळ घालविला, असेही हाच ताम्रपट सूचित करतो. विवेकाने राज्यत्याग केल्यावर त्यांनी प्रश्नोत्तररत्नमालिका रचली, अशी जैन परंपरा आहे. अपरिग्रहाचे व्रत ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला सोपे. विशाल साम्राज्याच्या स्वामीने ते आचरणे कठीण. मान्यखेटचे राजवाडे आज उरले नाहीत. पण जयधवला, आदिपुराण आणि गणितसारसंग्रह आजही अभ्यासले जातात. संपत्तीचा धर्मकार्यी विनियोग करणाऱ्या या राजश्रावकाच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.