तलवार खाली ठेवणारा तलवारबाज

बुद्धाच्या पंचशीलातलं पहिलंच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचं. मग जपानमधले सामुराई, ज्यांचा धंदाच तलवारीचा, ते झेन मठांत जाऊन तासन् तास ध्यानाला कसे बसत? कराटे किंवा ज्युदोच्या क्लासला जाणाऱ्या आपल्या मित्रमंडळींनाही हा प्रश्न कधीतरी पडत असेल. मला तो बरीच वर्षं छळत होता. पुस्तकांतल्या तात्त्विक खुलाशांनी माझं फारसं समाधान झालं नाही. एका माणसाच्या आयुष्यानं मात्र झालं, निदान अर्धंमुर्धं. तो माणूस म्हणजे यामाओका तेश्शू.

जन्म १८३६ चा, एदो शहरातला. एदो म्हणजे आजचं तोक्यो. घराणं शोगुनच्या पदरी असलेल्या ओनो सामुराईंचं. वडिलांची नेमणूक हिदा प्रांतातल्या ताकायामाला झाली आणि पोराचं बालपण त्या डोंगराळ गावात गेलं. तलवार आणि सुलेखन, दोन्ही तिथंच सुरू झालं. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले, आणि धाकट्या भावांना घेऊन तो एदोला परतला. पुढं यामाओका सेइझान या भालाईताकडं शिकू लागला. हे गुरू अकाली वारले, तेव्हा त्यांच्या बहिणीशी लग्न करून त्यानं त्या घराचं नाव चालवलं. घरात दारिद्र्य इतकं, की लोक त्याला फाटका तेत्सू म्हणत. आखाड्यात मात्र त्याच्यासमोर उभं राहायला माणसं कचरत.

आणि मग १८६३ साली त्याला असारी गिमेई भेटला.

असारी इत्तो परंपरेतला तलवारबाज. दोघांची झुंज बराच वेळ चालली. शेवटी धिप्पाड तेश्शूनं असारीला अंगाच्या जोरावर खाली पाडलं आणि आपण जिंकलो असं समजला. असारीनं शांतपणे सांगितलं की पडता पडता माझा वार तुला लागलेला आहे. तेश्शूनं ते उडवून लावलं. मागाहून छातीचं कवच काढून बघतो तर त्याच्या बांबूच्या पट्ट्या तडकलेल्या! असा हा किस्सा सांगतात. तेश्शूनं असारीला गुरू केलं. पण तेव्हापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तलवार उचलली की असारी डोळ्यांसमोर डोंगरासारखा उभा राही. समोर दुसराच कुणी असला तरी. नुसता ध्यानाला बसला तरी. हे थोडंथोडकं नाही, तब्बल १७ वर्षं चाललं.

याला आपण सहज भित्रेपणा म्हणून मोकळे होऊ. पण त्याच १७ वर्षांत १८६८ साल येतं. शोगुनशाही कोसळत होती, सम्राटांची फौज एदोवर चालून येत होती आणि हल्ल्याचा दिवसही ठरला होता. शहराची वस्ती सुमारे दहा लाख. शोगुनच्या बाजूनं कात्सु काइशूचं पत्र घेऊन तेश्शू निघाला. सोबत एकच माणूस. शत्रूच्या छावणीतून जाताना त्यानं लपूनछपून काही केलं नाही. आपण कोण, कुणाचे, हे मोठ्यानं सांगत तो सरळ चालत गेला आणि सैनिक बघतच राहिले. सुनपु गावी, म्हणजे आजच्या शिझुओकात, सेनापती सायगो ताकामोरीशी त्याची गाठ पडली. सायगोच्या अटी त्यानं ऐकून घेतल्या, पण आपल्या धन्याला दुसऱ्या सरदाराच्या ताब्यात द्यायची अट साफ नाकारली. हीच वेळ तुमच्या धन्यावर आली असती तर तुम्ही काय केलं असतं, असं त्यानं सायगोलाच विचारलं. सायगो वरमला आणि ती अट सुटली. पुढं कात्सु आणि सायगो भेटले, आणि एदोचा किल्ला लढाईविना सुपूर्द झाला.

इतकं करूनही असारीची सावली हटली नाही. मला इथंच सगळं मर्म दिसतं. मरणाची भीती त्यानं कधीच जिंकली होती. उरली होती ती हरण्याची भीती, आणि ती तलवारीनं कापता येत नाही. क्योतोच्या तेनर्यूजी मठाचे आचार्य तेकिसुई यांनी ते ओळखलं. दोन पाती भिडली असताना पळवाट न शोधण्याबद्दलचं एक कोडं त्यांनी त्याला चिंतनाला दिलं. त्यात तो काही वर्षं अडकून पडला. गाडं हललं ते एका व्यापाऱ्यामुळं. सुलेखन लिहून घ्यायला आलेला हा गृहस्थ बोलता बोलता म्हणाला, की भाव पडेल या धास्तीनं छाती धडधडायची तोवर आपल्याला धंदा जमलाच नाही. नफा-तोट्याचा घोर सोडला तेव्हा जमला. बघा, ज्ञान मिळालं कुठून! काही दिवसांनी, ३० मार्च १८८० च्या पहाटे, ध्यानात बसलेल्या तेश्शूसमोरून असारी नाहीसा झाला. खरा असारी त्याच्याशी खेळायला आला, समोर उभा राहिला, आणि आपली तलवार खाली ठेवून शाळेची विद्या त्यानं तेश्शूच्या हवाली केली.

तेश्शूनं आपल्या नव्या शाळेला मुतो-र्यू नाव दिलं. मुतो म्हणजे तलवार नाही. नाव असं असलं तरी शुम्पूकान या त्याच्या आखाड्यातली मेहनत भयंकर होती. हजार दिवसांच्या अखंड सरावानंतर एका दिवसात २०० झुंजी, आणि सगळ्यात वरची कसोटी सात दिवसांत १,४०० झुंजींची. जिंकायची इच्छाच गळून पडेपर्यंत माणसाला दमवायचं, असा माझा त्यावरचा अंदाज. स्वतः तेश्शूनं आयुष्यात एकही माणूस मारला नाही असं सांगतात. १८८३ साली त्यानं तोक्योत झेनशोआन मंदिर उभारलं, ते त्या राज्यक्रांतीत मेलेल्यांसाठी.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. विसाव्या शतकात हीच झेन आणि तलवारीची जोडी जपानी लष्करशाहीच्या फार उपयोगी पडली, आणि कित्येक मठांनी युद्धाला आशीर्वाद दिले. मरणाची पर्वा नसलेला माणूस कुणाच्याही कामाला लावता येतो. म्हणून मी वर अर्धंमुर्धं समाधान म्हटलं. तेश्शूच्या बाबतीत पहिलं शील शाबूत राहिलं. पण झेन शिकलेल्या प्रत्येक तलवारबाजाबद्दल मी तसं म्हणणार नाही.

पुढं त्याला पोटाचा कर्करोग झाला. अखेरच्या दिवसांत एकदा शेजारच्या आखाड्यातून बांबूच्या तलवारींचा आवाज येईना. शिष्यांनी गुरूच्या आजारपणामुळं सराव बंद ठेवला होता. तेश्शूनं तो लगेच सुरू करायला लावला. १९ जुलै १८८८ रोजी, ५२ वं वर्ष पुरं व्हायला चार दिवस असताना, मांडी घालून ध्यानात बसल्या बसल्या तो गेला.