पं. भातखंडे आणि मुलांचे पहिले पुस्तक

गाणे शिकू लागलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, असे आईबाप आम्हां संगीतशिक्षकांस नेहमी विचारतात. दरबारी गवयांच्या घरात हा प्रश्नच नव्हता. चीज गळ्यातून गळ्यात उतरे, आणि गुरूची मर्जी नसेल तर त्याच्याबरोबरच जाई. त्या प्रश्नापायी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीस, मुंबईच्या वाळकेश्वरी झाला. १८८७ साली ते वकील झाले. काही काळ कराचीस त्यांनी वकिली केली. सतार वल्लभदासांकडे आणि धृपद रावजीबुवा बेलबागकरांकडे ते शिकले होते. पुढे पत्नी गेली, मुलगी गेली. त्यांनी वकिली सोडली आणि गावोगाव हिंडून ग्रंथ व चिजा गोळा करण्यास वाहून घेतले. घराण्यांनी जपून ठेवलेले धन बाहेर येणे सोपे नव्हते; कोणी दिले, कोणी दार लावून घेतले.

या धनातून ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग झाले. पहिल्या भागात दहा थाटांचे दहा सोपे राग, त्यांच्या सरगमी आणि लक्षणगीते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रास खाली टिंब, तारास वर; इतकी खूण मूल आठवड्यात शिकते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचीही मुलांसाठी पुस्तके होती, पण खुणा निराळ्या. म्हणून एका मुलास दोन्ही लिपी एकदम देऊ नयेत.

आपल्या शिंदेशाहीत १९१८ साली माधवराव महाराजांनी ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय उघडले. त्याआधी ग्वाल्हेरचे काही गवई मुंबईस भातखंड्यांकडे धाडले गेले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच. पिकल्या गळ्याच्या गवयांनी पाटीवर स्वर लिहिण्यास बसावे, यात त्यांना किती संकोच गिळावा लागला असेल, हे गवयांच्या घरात वाढलेल्यास सांगावे लागत नाही. त्यांनी तो गिळला, म्हणून पुढे सामान्य घरांतील मुलामुलींस शाळेत बसून गाणे शिकता आले.

१९२६ साली लखनौचे मॉरिस कॉलेज निघाले. अखेरची तीन वर्षे पंडितजी अर्धांगाने अंथरुणास खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, निवर्तले.

मींड आणि कणस्वरांचा डौल कागदावर पुरता उतरत नाही, ही जुन्या गवयांची तक्रार खरीच. म्हणून पालकांस एवढेच सांगणे की, पहिला भाग जरूर घ्यावा, पण षड्ज लागेपर्यंत मिटलेला ठेवावा. आधी गुरूचा गळा, मग पुस्तक. आणि गुरू नसेल त्या दिवशी स्मरणास पुस्तक.